सतराव्या घरचा धडा

साल एकोणीसशे शहाऐंशी. गोव्यात कोकणी की मराठी हा वाद त्या वर्षी असा पेटला होता, की पेडण्याच्या बाजारात बांगडे घेतानासुद्धा माणूस आधी समोरच्याची भाषा चाचपून बघे आणि मग भाव विचारी. घटक राज्य अजून व्हायचे होते. आणि पेडण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या खुरसावाड्यावर सतरा किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, घरांत, दर वर्षीप्रमाणे डिसेंबरात सायबीण यायची होती.

सायबीण म्हणजे मारीयेची मूर्ती. ती कपेलातून, वाड्यावरच्या छोट्या चर्चमधून, निघते, प्रत्येक घरी एक दिवस राहते. संध्याकाळी सगळा वाडा त्या घरी जमतो, जपमाळ होते, लादाइन, म्हणजे सायबिणीची स्तोत्रे, गातात, शेजारचे हिंदूही येऊन बसतात, उकडलेले चणे वाटतात, पुरुषांना थोडी फेणी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सायबीण पुढच्या घरी जाते. सायबीण येणार म्हणून लोक भिंतींना चुना काढतात, मोडकी खुर्ची माळ्यावर टाकतात आणि सासवा-सुना एक दिवसापुरत्या गोड बोलतात. त्या पाहुणीने इतकी वर्षे कधी कोणाच्या घरातले काही बाहेर काढले नव्हते. ते काम त्या साली पिदादने केले.

पिदाद फर्नांडिस मूळची वेंगुर्ल्याकडची. शिक्षण मराठीत, नोकरी मराठी प्राथमिक शाळेत. सगळे तिला पिदादबाई म्हणत. वय पन्नास, हस्ताक्षर मोत्यासारखे आणि खोड एकच. तिला प्रत्येक गोष्टीत धडा दिसे. तव्यावर मासा करपला, तर तिला त्यात मनुष्यजातीचे पतन दिसे. मग ती वही काढून ते लिहायला बसे, आणि करपलेला मासा बाजूला काढून दुसरा तळायचे काम कोंसूबाय करी.

कोंसूबाय ही पिदादची थोरली नणंद. वय छप्पन्न, लग्न झालेले नाही, शाळा पाहिलेली नाही. आई गेल्यावर तिनेच धाकट्या भावाला, म्हणजे पिदादच्या नवऱ्याला, कडेवर वाढवला होता. पहाटे उठून विहिरीवर जाणे, चूल, डुकरांचे खाणे, परसातली भाजी, झाडलोट, कपडे हे सगळे तिचे. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिचे अंथरूण. घर बापाचे, म्हणजे कायद्याने निम्मे तिचेच होते. पण हे कोणाला आठवत नसे, तिलाही नाही. पिदादचा नवरा कायतान मुरगावच्या बंदरात गाळ काढायच्या बोटीवर नोकरी करून घरी बसला होता. यंत्राच्या आवाजाने त्याचा एक कान गेला होता. कुठला, हे तो समोर कोण बोलते आहे त्यावर ठरवी.

सुरुवात एका कुडीपासून झाली. पिदादच्या लग्नातल्या कुड्यांपैकी एक हरवली. पिदाद दोन दिवस हळहळली. तिसऱ्या दिवशी कोंसूबायने पलंग सरकवून, पेटारे उचलून, सगळे घर झाडले आणि पलंगाच्या पायाखालच्या भेगेतून केसातल्या आकड्याने कुडी बाहेर काढली. पिदादच्या डोळ्यांत पाणी आले. येशूने सांगितलेली गोष्टच जशीच्या तशी तिच्या घरात घडली होती. एका बाईचे नाणे हरवते, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. पिदादने त्याच दुपारी चार पाने लिहिली. फक्त एक केले. झाडणाऱ्या बाईच्या जागी ‘मी’ घातला. लिहिताना तिला ते खोटे वाटले नाही. कुडी तिची होती, दुःख तिचे होते, आनंद तिचा होता. केरसुणी कोणाच्या हातात होती हा तपशील.

त्या वर्षी कपेलात नवे पाद्री आले होते, पाद्रे मिंगेल. दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडचे, तरुण, उत्साही. प्रार्थना सगळी रोमी लिपीतल्या कोकणीत शिकलेले, देवनागरी एक अक्षर येत नव्हते. म्हणून पिदादने ती चार पाने त्यांना वाचून दाखवली. मराठी त्यांना निम्मी कळली असेल. पण निम्मी कळलेली गोष्ट माणसाला नेहमी खोल वाटते.

“खूब बरें, पिदादबाय!” पाद्रे म्हणाले. “इगर्जेतला सेर्मांव, पाद्रीचें प्रवचन, लोक आयकतात आणि विसरतात. हें घरांतलें शिकप उरता. तुम्ही एक करा. सायबीण ज्या घरी आसा, त्या सांजे त्याच घरातलो एक प्रसंग घेवन एक धडो वाचा. सतरा घरां, सतरा धडे. मागीर आपण पुस्तक छापूं.”

पुस्तक! पिदाद घरी आली ती जमिनीपासून चार बोटे वरून चालत. कव्हर कसल्या रंगाचे असावे हेही तिने वाटेतच ठरवले. तिला पुस्तक हवे होते. तीस वर्षे दुसऱ्याची पुस्तके पोरांकडून घोकून घेणाऱ्या बाईला आपले एक हवे वाटले तर त्यात नवल नाही. पण ह्या पुस्तकापायी घरातले एक माणूस राहते की जाते, असा दुसराच प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला होता. तो पिदादला दिसला नाही. कुंपणापलीकडच्या विनोदिनीला दिसला.

विनोदिनी ही शेजारीण, बाबली दुकानदाराची बायको. तीस वर्षे दोन्ही घरांत खोबरे आणि दुःख यांची देवघेव होती.

“बाई, देवाच्या गोष्टी देवाच्या घरात बऱ्या,” विनोदिनी म्हणाली. “लोकांच्या घरातल्या कशाक काढतां?”

“वयनी, घर हीच पहिली इगर्ज असते.”

“असात. पण इगर्जेचो केर कोण काढता तां बघा. कोंसूबायचे पाय सुजलेत. परवा विहिरीवर बसून ऱ्हवली. तिका सांभाळा.”

“हो, त्यावरही एक धडा होईल,” असे पिदाद म्हणाली आणि तिने ते वहीत टिपून ठेवले.

आता विघ्ने कशी येतात पाहा. वादामुळे दगडफेक झाली, बसच्या काचा फुटल्या, आणि पाच माणसांहून जास्त जमायला सरकारने बंदी घातली. सायबिणीसाठी परवानगी काढणे आले. पिदाद शाळा सुटल्यावर अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेली. टेबलामागच्या कारकुनाची मुलगी पिदादच्याच वर्गात होती, त्यामुळे तो उभा राहिला. पण सही करायला तो पुन्हा बसला.

“भाषण कोण करणार?”

“भाषण नाही. धडा.”

“कितव्या इयत्तेचा?”

“तसला नाही. धार्मिक.”

“कुठल्या भाषेत?”

हा प्रश्न आला तसे आजूबाजूच्या टेबलांवरची टंकयंत्रे थांबली.

“मराठीत,” पिदाद म्हणाली.

“किरिस्तांव लोकांचा, सायबिणीपुढे, मराठीत,” कारकुनाने हे तीन तुकडे तीन वेगळ्या संशयांसारखे उच्चारले. “विषय?”

“घरातले साधे प्रसंग.”

“कोणाच्या घरातले?”

“ज्याच्या त्याच्या.”

कारकुनाने टाक खाली ठेवला. “बाई, मग बंदी हुकूम बरोबर आहे.”

पुढे मूर्ती धरून पाच की मूर्ती सोडून पाच, यावर अर्धा तास गेला. मूर्ती ही व्यक्ती आहे किंवा कसे, याबद्दल वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवायचे ठरले. शेवटी आठवड्याने परवानगी मिळाली. घराच्या आत कितीही माणसे जमावीत, कर्णा लावू नये आणि प्रत्येक धड्याच्या तीन प्रती आगाऊ तपासणीसाठी कचेरीत द्याव्यात. सतरा त्रिक एकावन्न. पिदादने कार्बन लावून प्रती काढल्या. पिदादला शाळा असल्याने त्या पोचवायला सुजलेल्या पायांनी कोंसूबाय जाई. अडीच मैल जाणे, अडीच मैल येणे. कागदावर काय आहे ते तिला वाचता येत नव्हते. घामाने शाई फुटू नये म्हणून ती ते कागद केळीच्या पानात गुंडाळून नेई.

कचेरीत साहेबांना वेळ नव्हता. कारकुनाला धीर नव्हता. तपासणी केली ती शिपाई विठ्ठल याने, बाहेरच्या बाकावर बसून, मोठ्याने, आवाजात चढउतार घालून. समोर चहाचे हॉटेल होते. सायबीण कपेलातून निघायच्या आधीच कोणाच्या घरावर काय येणार हे पेडण्याच्या बाजाराला पाठ झाले.

मग पिदादच्या घरी माणसांची रीघ लागली. रोझालीन नावाची म्हातारी जिवंत कोंबडी काखेत घेऊन आली.

“बाये, आमच्या घराक तो हरवलेल्या मेंढराचो दी. आमच्याकडे मेंढरांच नात, म्हणून कोणाक राग येवचो ना.”

“रोझालीनमावशी, धडा कोंबडीवर बदलत नसतो,” पिदाद म्हणाली. तिला स्वतःचा अभिमान वाटला. कोंबडी मात्र निसटून माजघरात शिरली, ती धरायला कोंसूबायला तासभर लागला.

कुंपणावरून बाबलीचाही सल्ला आला. तो मराठीवाला. “बाई, तुमचो धडो म्हणजे मराठीचो विजय! उद्या छापून वाटतां!” आणि त्याने विचारल्याशिवाय पहिला धडा छापून बाजारात वाटला. खाली ठळक अक्षरांत, ‘ख्रिस्ती भगिनीही म्हणते, मराठीच!’ पिदादने असे कुठेही म्हटले नव्हते. तिने कुडीबद्दल म्हटले होते. दुसऱ्या दिवशी गौरेश नावाचा कॉलेजात शिकलेला, कोकणीच्या बाजूचा तरुण सायकल आडवी घालून उभा राहिला.

“बाय, सायबीण मराठी समजता?”

“गौरेश, सायबीण तुझी कोकणीही बोलत नव्हती. ती यहुद्यांची पोर.”

गौरेशने सायकल बाजूला घेतली. पण त्या संध्याकाळी पिदादच्या नव्याने चुना काढलेल्या भिंतीवर कोणीतरी डांबराने ‘कोकणी’ असे लिहिले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी त्याखाली ‘नाही मराठी’ असे लिहिले. दोघांचेही अक्षर वाईट होते. भिंत घासायला कोंसूबाय दोन दिवस शिडीवर उभी होती. कायतान शिडी धरून होता. बहिणीला तो माना, म्हणजे ताई, म्हणे. ‘माना, पडशील’ असे तो बहिणीला अधूनमधून म्हणे, आणि एकदाही ‘मी घासतो’ म्हणाला नाही.

सायबीण निघाली.

पाव भाजणाऱ्या इनास पोदेराच्या घरी पिदादने खमिराचा धडा वाचला. चिमूटभर खमीर परातभर पीठ फुगवते, तसा विश्वास. इथे थांबायला हवे होते. पण घरातला प्रसंग हवा, म्हणून तिने पुढे लिहिले होते, की इनासचा पाव गेल्या फेस्ताच्या सणापासून लहान लहान होत आला आहे, तेव्हा आपले खमीर कुठे गेले याचा प्रत्येकाने विचार करावा. इनासने विचार केला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या सायकलचा भोंगा पिदादच्या दारावरून न थांबता जाऊ लागला. सकाळचा पाव आणायला कोंसूबाय पेडण्याच्या बाजारापर्यंत चालत जाऊ लागली.

झुझे सुताराच्या पाच मुली लग्नाच्या राहिल्या होत्या. त्या घरी पिदादने दहा कुमारिकांची गोष्ट घेतली. पाच शहाण्या, पाच वेड्या. वेड्यांच्या दिव्यात तेल नव्हते, नवरदेव आला तेव्हा दार बंद. वाचता वाचता तिच्या लक्षात आले, की खोलीतले सगळे लोक पाच मुली मोजत आहेत आणि शहाण्यांचा गट कुठे आहे ते शोधत आहेत. मुली एकदम रडू लागल्या. चणे कोणी खाल्ले नाहीत. झुझेने पिदादच्या मागच्या दाराची बिजागरी निम्मी बसवून ठेवली होती, ती त्याने तशीच सोडली. पुढे ते दार कोंसूबाय रोज उचलून लावी.

रोझालीनचे दोन मुलगे. त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि आठ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. तिथे पिदादने भल्या परक्याची गोष्ट वाचली, जखमी वाटसरूला आपले टाळतात आणि परका उचलतो ती. म्हातारीला ताप आला, तेव्हा भिंतीच्या अलीकडचा मुलगा आला नाही, पलीकडचा आला नाही, बाबलीच्या दुकानातून औषध आले. धडा संपला तसे ते दोघे भाऊ आठ वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले आणि एका आवाजात बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून, अगदी प्रेमाने, आपली गाय पिदादच्या परसात सोडली. वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, कोंसूबायने वाढवलेली तांबडी भाजी, मुळा, वांगी, सगळे तासाभरात गेले.

कोंसूबाय परसात गेली आणि गाईला बाहेर काढून पायरीवर बसली. विनोदिनीने कुंपणावरून पाहिले.

“कोंसूबाय, तुमी कायच बोलणां नात?”

“गाय ती. तिका कितें कळता,” कोंसूबाय म्हणाली. मग पायांवरची माती झाडत म्हणाली, “जांकां कळटा तीं कितें करतात, तें पळय.”

पिदादने हे ऐकले नाही. ती आत होती. आपल्याला होणारा छळ आणि जुन्या संदेष्ट्यांना झालेला छळ यांतले साम्य तिला दिसू लागले होते, आणि त्याने तिला बरे वाटत होते. अपमान जितका मोठा, तितके पुस्तक जाड.

सतरावे घर पिदादचे स्वतःचे. वाड्याच्या टोकाचे, रस्त्यावरचे. त्या घरासाठी तिने सर्वांत सुंदर धडा राखून ठेवला होता, मार्ता आणि मारी या दोन बहिणींचा. येशू, कोकणीतला जेजू, त्यांच्या घरी येतो. मार्ता स्वयंपाकात धावपळ करते, मारी त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्ता तक्रार करते तेव्हा येशू म्हणतो, मारीने निवडले ते चांगले. पिदादने लिहिले, की प्रत्येक घरात एक मार्ता असते आणि एक मारी. कामात बुडालेल्या माणसाला काम दिसते, बसलेल्या माणसाला देव दिसतो. आमच्याही घरात अशी एक मार्ता आहे. तिने हातातले थोडे खाली ठेवले, तर तिलाही प्रकाश दिसेल.

हे लिहीत असताना दाराशी पावले वाजली.

“पिदाद, चणे कितके भिजत घालूं? नव्वद मनशां येतलीं.”

“कोंसूबाय, मी लिहिते आहे ना! चण्यांचे काय ते तुम्हीच पाहा.”

“बरें.”

त्या संध्याकाळी नव्वद नाही, दीडशे माणसे आली. वाड्यावरची सोळा घरे तर लहान पोरांसकट आली. आजारी म्हातारे खुर्चीवरून उचलून आणले. विठ्ठल शिपाई आला. बाबली पुढे बसला, गौरेश मागे उभा राहिला. सोळा संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या घरात मान खाली घातली होती. आज ज्याची त्याची मान वर होती. जपमाळ त्यांनी फार भरभर म्हटली. लादाइनेचे सूर कोणी लांबवले नाहीत.

पिदादने निळी साडी नेसली होती, कानात दोन्ही कुड्या. तिने मार्ता आणि मारीचा धडा वाचला. आवाज लागला होता. पाद्रे मिंगेल डोळे मिटून मान डोलवत होते. शेवटचे वाक्य संपले आणि तिने कागदाची घडी केली.

मग इनास पोदेर म्हणाला, “जालें?”

“झालं,” पिदाद म्हणाली.

“आमच्या घरात आमचो पाव लहान. तुमच्या घरात इतकेंच? मार्ताक भायर हाड गो! तिचें तोंड तरी बघूं!”

“हाडा, मार्ताक हाडा!” रोझालीनचे मुलगे ओरडले, दोघे एकदम.

हशा झाला. स्वयंपाकघराच्या दारात कोंसूबाय आली. हातात डाव, तोंडावर वाफ, पदर खोचलेला. तिला वाटले चणे मागतात.

“कोंसूबाय,” इनास म्हणाला, “तुज्या घरचो धडो तूं सांग.”

पिदाद हसून म्हणाली, “त्यांना काय येणार? राहू दे, दमल्यात त्या.” दमल्यात हा शब्द त्या घरात कोंसूबायबद्दल कोणी पहिल्यांदाच उच्चारला असेल.

कोंसूबाय पिदादकडे बघत नव्हती. सायबिणीकडे बघत होती.

“हांव कितें सांगूं?” ती म्हणाली. “माका वाचूंक येना. पिदाद बरी. माझ्या भावाक संसार दिला, नांव दिलें. कुडी सांपडली तेन्ना तिणें दिवो घेवन घर झाडलें, अशें तिणें लिहिलां म्हण बाजारांत आयकलें. तें बरें लिहिलां. पण हांवें दिवो घेतलो नासलो. दिसाउजवाडीं झाडलें.”

कोणीतरी फिसकन हसले. पिदादचा हात आपोआप कानाकडे गेला.

“ही मार्ताची काणी हांवें आज पयली खेप आयकली,” कोंसूबाय पुढे म्हणाली. “एक विचारूं, पाद्रबाब? राग नाका.”

“विचार, कोंसूबाय.”

“मारी बसली. बरें केलें. पण मार्ताय बसली आसती, तर त्या सांजेक जेजूक जेवण कोण वाढतलो?”

पाद्रे मिंगेलनी प्रार्थनेचे पुस्तक उघडले. साष्टीत, सेमिनारात, सात वर्षे ते जे शिकले होते, त्यात हा प्रश्न कुठे नव्हता. त्यांनी पुस्तक मिटले. गौरेश मागे हसू लागला आणि थांबला. बाबलीने वहाण सारखी केली. हसायला आलेली दीडशे माणसे आपापल्या घरातल्या मागच्या खोलीचा विचार करत बसली असावीत. निदान तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“चणे करपतात,” असे म्हणून कोंसूबाय आत गेली.

चणे करपले नव्हते. तिने दीडशे माणसांना ते पुरवले. भांडी घासली. पिदाद माजघरात खुर्चीवर ताठ बसून होती. तिला वाटत होते, की हे ठरवून केलेले आहे, इनासने शिकवले आहे, विनोदिनीने शिकवले आहे. कोंसूबायचे स्वतःचे डोके असू शकते, ही शक्यता सर्वांत शेवटी तिच्या मनात आली आणि सर्वांत जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबीण कपेलात परत गेली. पुढे दिवा धरून कोंसूबाय चालत होती. बरोबर एक कापडी पिशवी होती. सगळ्यांना वाटले, वाटेतून पाव आणायचा आहे. पिदादनेही तसेच धरले. दुपारी बारा वाजता तिला पहिल्यांदा कळले, की चूल पेटलेली नाही. कपेलात म्हापशाकडच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमातल्या सिस्टरी आल्या होत्या, त्यांना स्वयंपाकीण हवी होती. त्यांच्या गाडीत बसून ती गेली.

“येईल दोन दिवसांत,” पिदाद म्हणाली.

कायतानने त्या वेळी दोन्ही कान गेल्यासारखे केले.

ह्या गोष्टीतल्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली, मे महिन्यात घटक राज्य आले. गौरेशला सरकारी नोकरी लागली. तिथे तो मराठी अर्जांवर मराठीत उत्तरे लिहीत निवृत्त झाला. बाबलीच्या दुकानावर तिन्ही भाषांत पाटी आहे, मुलगा माल इंग्रजीत मागवतो. इनासचा पाव आणखी लहान झाला, आणि मग भट्टीच बंद पडली. मुले पोर्तुगालचा पासपोर्ट काढून विलायतेला गेली. रोझालीन गेल्यावर मुलांनी मधली भिंत पाडली आणि चिरे कोणाचे यावरून पुन्हा बोलणे टाकले. झुझे सुताराच्या पाचपैकी चार मुलींची दोन वर्षांत लग्ने झाली. विठ्ठल शिपायाच्या वाचनामुळे त्यांची बातमी सावंतवाडीपर्यंत पोचली होती. एकाही लग्नाचे आमंत्रण पिदादला नव्हते.

पाद्रे मिंगेल साष्टीला बदलून गेले. पुस्तक निघाले. रोमी लिपीत, कोकणीत, नाव पाद्रींचे. आत बारीक अक्षरांत ‘पेडण्याच्या एका मास्तरणीच्या मदतीने’. शेवटच्या पानावर चौकटीत, ‘एका बायलेचो सवाल’ या मथळ्याखाली, कोंसूबायच्या प्रश्नाची एकच ओळ होती, आणि लोकांना त्या पुस्तकातले तेवढेच आठवते.

कायतान दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊ लागला. बाजारातून तो कधी काही आणत नसे आणि त्या दिवशी घरी जेवत नसे. पिदादने आठ वर्षे त्याबद्दल विचारले नाही. मग तो गेला. त्याला पुरले तेव्हा कोंसूबाय आली, मूठभर माती टाकली आणि संध्याकाळच्या बसने आश्रमात परत गेली. विनोदिनीने तिला आपल्या घरी चहा दिला.

त्यानंतर कोंसूबाय वर्षातून एकदा, सायबीण पिदादच्या घरी असेल त्या दिवशी येई. पाहुणीसारखी पुढच्या दाराने. एका वर्षी ती आली, तेव्हा पिदाद ओणवी होऊन पलंगाखाली बघत होती. पंचाहत्तरी गाठायला आलेली बाई, गुडघे गेलेले. तीच कुडी पुन्हा पडली होती.

“कोंसूबाय, बरं झालं आलात,” पिदाद म्हणाली. “तुम्हाला सापडेल. तुमचा हात चांगला आहे.”

कोंसूबायने केरसुणी उचलली. मग ती पिदादच्या हातात दिली आणि सायबिणीसमोरच्या खुर्चीत, जिथे पिदाद लिहायला बसे त्या खुर्चीत, पाय लांब करून बसली.

“तूं झाड,” ती म्हणाली. “हांव बसतां.”

पिदादने झाडले. माजघर झाडले, स्वयंपाकघर झाडले, मागची खोलीही झाडली, जिथे ती तेवीस वर्षांत शिरली नव्हती. कुडी सापडली नाही. कोंसूबाय आता नाही. पिदाद आहे, अजून शोधते आहे. ह्यावर तिने काही लिहिलेले नाही.